घरखर्चाची वही : अठरा हजारांत घरचा फोन

दिवाळीच्या खरेदीची यादी एके काळी ठरलेली असे. मुलांचे कपडे, बायकांची लुगडी, उटणे, सुवासिक तेल, आणि बोनस बरा मिळाला तर पाडव्याच्या मुहूर्तावर एखादे पितळी पातेले. आता त्या यादीत स्मार्टफोन येऊन बसला आहे, आणि बसला आहे तो कोपऱ्यात नव्हे, थेट मांडलेल्या पाटावर! भाऊबीजेची ओवाळणी फोन, मुलगी पहिल्या वर्गात पास झाली की फोन, सेवानिवृत्तीचा आहेर फोन. लाखाचा फोन हौसेने घेणाऱ्या भाग्यवंतांना या सदरात काही सापडायचे नाही. ही वही आहे ती महिन्याच्या पंचविसाव्या तारखेला पाकीट चाचपून पाहणाऱ्यांची.

यंदा वाचकांची जी पत्रे आली, त्यांतले एक नाशिकच्या एका भगिनींचे आहे. त्या लिहितात : 'भिशीचे अठरा हजार रुपये हाती आले आहेत. जुन्या फोनात बँकेचे ॲप चालेनासे झाले. यजमानांचे पेन्शन, औषधांची मागणी, विजेचे बिल, बंगळुरूच्या मुलीशी बोलणे, सारे त्या एका फोनावर. दुकानात गेले तर तिथला मुलगा कॅमेऱ्याखेरीज दुसरे बोलतच नाही. मला काय घ्यावे ते सांगा. पुन्हा दोन वर्षांनी असे अठरा हजार माझ्यापाशी असणार नाहीत.'

या शेवटच्या वाक्याने मला लेखणी हाती घ्यायला लावली. कारण मध्यम किमतीच्या फोनाचा सारा प्रश्न त्या एका वाक्यात आला आहे. श्रीमंताची निवड चुकली तर तो दुसरा फोन घेतो. मध्यमवर्गीयाची चुकली तर त्या चुकीसोबत त्याला नांदावे लागते.

भारतात पहिला मोबाइल फोन खणखणला तो ३१ जुलै १९९५ रोजी. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीच्या सुखरामांशी बोलले. त्या काळी तो बोलण्याचा डबा होता, आणि आलेल्या फोनालाही पैसे पडत. २०१६ साली यूपीआय आले आणि डब्याची पेटी झाली, पैशांची पेटी. नोव्हेंबर २०२१ पासून पेन्शनरांना हयातीचा दाखलासुद्धा फोनासमोर चेहरा धरून देता येऊ लागला. ज्या वस्तूत आपली बँक, आपले पेन्शन आणि आपली ओळख राहते, ती वस्तू निवडताना पहिला प्रश्न 'फोटो कसे येतात' हा असावा काय? तिजोरी घेताना आपण आधी कुलूप पाहतो, रंग मागाहून.

पहिला प्रश्न : किती वर्षे?

फोनाचे कुलूप म्हणजे त्याचे अपडेट. अँड्रॉइड फोनांत ज्या फटी सापडतात, त्या बुजवणारी सुरक्षा-पत्रके गूगल ऑगस्ट २०१५ पासून नियमाने काढीत आहे. परंतु ती दुरुस्ती आपल्या फोनापर्यंत पोचवायची ती फोनाच्या कंपनीने. कंपनीने हात आखडला, की फोन दिसायला ठणठणीत आणि कुलूप गंजलेले, अशी अवस्था होते. मग एके दिवशी बँकेचे ॲप म्हणते, 'तुमचा फोन जुना झाला.' नाशिकच्या भगिनींचे झाले ते हेच.

म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न विचारावा : 'याला अपडेट किती वर्षे मिळणार?' यात दोन गोष्टी असतात. एक, अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या. दुसरी, सुरक्षेचे अपडेट. दुसरी अधिक मोलाची. मध्यम किमतीत कंपन्याकंपन्यांत येथेच मोठी तफावत दिसते. कोणी दोन-तीन वर्षांवर बोळवण करते. उलट ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलॅक्सी ए १६ ५जी हा फोन भारतात आणला तो सहा वर्षांच्या अपडेटचे वचन देऊन, आणि त्याची सुरुवातीची किंमत होती १८,९९९ रुपये. चालीला तो सामान्यच होता आणि डब्यात चार्जरही नव्हता. तो घ्याच, असे मी म्हणत नाही. परंतु या किमतीतही दीर्घायुष्य मागता येते, हे त्यावरून ध्यानात यावे.

एक मेख मात्र नीट समजून घ्या. ही वर्षे मोजतात ती फोन बाजारात आला त्या दिवसापासून; आपण विकत घेतला त्या दिवसापासून नव्हे. चार वर्षांच्या वचनाचा फोन अडीच वर्षांपूर्वी आलेला असेल आणि आज तो 'भरघोस सवलतीत' मिळत असेल, तर आपण दीड वर्षाचा फोन घेत आहोत. ती सवलत नव्हे, तो राहिलेल्या मुदतीचा भाव होय. औषधाच्या बाटलीवरची तारीख आपण पाहतो, तशी फोनाच्या जन्माची तारीखही विचारावी.

आता आमच्या वहीतला हिशेब. बारा हजारांचा फोन दोन वर्षे चालला, तर महिन्याला पाचशे रुपये पडले. सोळा हजारांचा फोन पाच वर्षे चालला, मध्ये एकदा बॅटरी बदलायला दोन हजार धरले, तर अठरा हजार भागिले साठ महिने, म्हणजे तीनशे रुपये. स्वस्त कोणता? आमच्या सौभाग्यवती हा हिशेब ऐकून म्हणाल्या, 'अहो, हेच मी कुकरच्या बाबतीत सांगत होते, तेव्हा तुम्ही पेपर वाचत होतात.'

पोटात काय आहे

फोनाची चपळाई तीन गोष्टींवर ठरते : प्रोसेसर, रॅम आणि स्टोरेज. स्वयंपाकघराची उपमा घ्यायची तर प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी बाई, रॅम म्हणजे तिचा ओटा, आणि स्टोरेज म्हणजे फळी-कपाट. ओटा अरुंद असला तर सुगरणीचाही खोळंबा होतो. आज घरगुती कामाला सहा जीबी रॅम पुरते. पाच वर्षे काढायची असतील तर आठ बरी. स्टोरेज १२८ जीबीच्या खाली घेऊ नये, कारण 'सुप्रभात' म्हणणारी फुले आणि लग्नांचे व्हिडिओ यांना जागा लागतेच लागते!

डब्यावर 'आठ अधिक आठ, सोळा जीबी' असे छापलेले दिसले तर भुलू नका. त्यातले दुसरे आठ हे स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात. कपाटाच्या फळीला ओटा म्हटले, म्हणून तिच्यावर पोळ्या लाटता येत नाहीत.

स्टोरेजचाही प्रकार विचारावा. ईएमएमसी हा जुना, स्वस्त प्रकार. यूएफएस हा नवा. जुन्यात एका वेळी एक तर वाचणे, नाहीतर लिहिणे चालते. नव्यात दोन्ही एकदम. आगगाडीचा एकेरी मार्ग आणि दुहेरी मार्ग यांत जो फरक, तोच हा. नवा असताना ईएमएमसीचा फोन बरा वाटतो. वर्ष-दीड वर्षाने भरत आला की रखडू लागतो. सोळा हजारांत यूएफएस मागणे ही काही चैन नव्हे.

बॅटरी बहुतेकांत ५,००० एमएएचची असते, आणि घरगुती वापराला ती दिवसभर पुरते. मात्र लिथियमची बॅटरी प्रत्येक भरण्या-रिकामे होण्यागणिक थोडी झिजते. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तिकडे विकल्या जाणाऱ्या फोनांना अट घातली आहे : ८०० फेऱ्यांनंतरही बॅटरीची निदान ८० टक्के ताकद शिल्लक हवी, आणि दुरुस्तीचे महत्त्वाचे सुटे भाग त्या फोनाची विक्री थांबल्यावरही सात वर्षे मिळाले पाहिजेत. नियम तिकडचे असले तरी प्रश्न आपणही विचारू शकतो : 'बॅटरी बदलून मिळते का, कुठे, आणि कितीला?' ज्या कंपनीचे सेवाकेंद्र आपल्या गावात नाही, तिचा फोन कितीही देखणा असला तरी तो दूरगावचा जावई समजावा. फोन उन्हात किंवा उशीखाली ठेवून चार्ज करू नये. उष्णता ही बॅटरीची वैरीण आहे.

डोळा, बोट आणि कान

आता जी गोष्ट कागदावर कळत नाही, ती. दुकानात नमुन्याचा फोन हातात घ्या, अक्षरे मोठी करा आणि शक्य तर दुकानाच्या दाराशी उन्हात जाऊन वाचा. उन्हात वाचता येत नाही तो फोन भाजीबाजारात पैसे देताना अडवणार. ॲमोलेड पडद्याचे रंग एलसीडीपेक्षा खुलतात, काळा रंग खरोखरीच काळा दिसतो. एलसीडीचा फोन मात्र त्यापायी बाद करू नये. दीर्घायुषी असेल तर तो चालतो. '१२० हर्ट्‌झ' म्हणजे पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा होतो. बोट फिरवताना ते गुळगुळीत वाटते खरे; पण विजेचे बिल भरताना त्याचा उपयोग नाही.

बोटाच्या ठशाचे कुलूप वडीलधाऱ्यांच्या बाबतीत तपासूनच घ्या. आयुष्यभर भांडी घासलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. पडद्याखालच्या ठसायंत्राला त्या कधी कधी ओळखू येत नाहीत. बाजूच्या बटनातले यंत्र पुष्कळांना सोयीचे पडते. आमच्या शेजारच्या आजी तर म्हणतात, 'माझे बोट फोनाला कळत नाही, पण रेशनवाल्याला माझे तोंड कळते.' फोनाची घंटा दुसऱ्या खोलीतून ऐकू येते का, बोलणे कानाला स्वच्छ लागते का, फोन हातात जड होतो का, हे पाहायला पैसे पडत नाहीत. पाच मिनिटे तेवढी पडतात.

डब्यावर 'आयपी ५४' किंवा 'आयपी ६४' असे लिहिलेले असेल तर पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा ४ असला तर उडालेले पाणी सोसेल, बुडवलेले नव्हे. एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरण्याला ७ लागतो. मुंबई-कोकणच्या पावसात ४ असला तरी पुष्कळ, छत्री मात्र हवीच.

राहिला कॅमेरा. पन्नास मेगापिक्सेलचा फोन नेहमीचा फोटो बहुधा साडेबाराचाच काढतो, कारण चार ठिपके मिळून तो एक ठिपका करतो. त्याने कमी उजेडात फोटो बरा येतो, म्हणजे यात लबाडी नाही. पण मागे तीन डोळे दिसले म्हणून हुरळू नये; त्यांतला दोन मेगापिक्सेलचा 'मॅक्रो' हा बहुतेक वेळा डब्यावर आकडा वाढवण्यापुरता असतो. दुकानात आपल्याच माणसाचा एक फोटो सावलीत काढून पाहावा. हात थरथरत असेल तर ओआयएस ही सोय आहे का, ते विचारावे. पेन्शनरांनी समोरचा कॅमेराही पाहून घ्यावा. हयातीचा दाखला त्यालाच द्यायचा आहे.

५जीची सेवा आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. पाच वर्षांसाठी फोन घेणाऱ्याने ५जीचाच घ्यावा. 'एन ७८' आणि 'एन २८' हे दोन पट्टे त्यात आहेत का, एवढे पाहा. यांतला दुसरा ७०० मेगाहर्ट्‌झचा. तो जाड भिंतींतून आत शिरायला बरा. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी वाय-फायवरून फोन लावण्याची सोयही विचारावी.

किमतीची गंमत

डब्यावरची कमाल किंमत आणि विक्रीची किंमत यांतले अंतर म्हणजे सवलत, असे जाहिरात सांगते. वस्तुतः त्या कमाल किमतीला तो फोन फारसा कोणी घेतच नाही. तेव्हा 'चाळीस टक्के सूट' हा आकडा सोडून द्यावा आणि दोन-तीन ठिकाणचा आजचा भाव तेवढा ताडून पाहावा. अठरा हजारांच्या बिलात वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांचा, म्हणजे सुमारे २,७४६ रुपये. १ एप्रिल २०२० पूर्वी हा दर १२ टक्के होता.

'बिनव्याजी हप्ते' हा दुसरा मोहरा. रिझर्व्ह बँकेनेच सप्टेंबर २०१३ मध्ये बजावले होते की, शून्य टक्के व्याज अशी वस्तूच नाही. आज जे चालते ते असे : बँक व्याज घेते आणि दुकान तेवढीच सूट देते. अठरा हजार सहा हप्त्यांत फेडायचे, हप्ता तीन हजारांचा, व्याज सालीना १५ टक्के धरले तर व्याज होते ७६२ रुपये. ते सुटीत वळते झाले. परंतु त्या व्याजावरचा १८ टक्के कर, १३७ रुपये, आपल्याच खिशातून जातो, आणि बँकेची प्रक्रिया-फी असेल ती वेगळी. रक्कम थोडकी आहे, मान्य. पण रोख घेणाऱ्याला त्याच फोनावर वेगळी सूट मिळत असेल, तर 'बिनव्याजी' हा शब्द महाग पडला. एकच अट पाळा : ज्या फोनाचे हप्ते भरायचे, तो हप्त्यांहून दुप्पट दिवस तरी टिकणारा असावा.

जुना फोन बदलीत देताना त्यातली बँकेची व यूपीआयची ॲप काढा, गूगलचे खाते बाहेर काढा, सिम आणि कार्ड काढा, आणि मग तो पुरता कोरा करा. पेटी विकताना आतले दागिने कोणी ठेवत नाही.

दुकानात आणि त्यानंतर

पेटी आपल्या डोळ्यांसमोर उघडायला सांगा. घरपोच मागवली असेल तर उघडताना दुसऱ्या फोनावर चित्रण करा. पंधरा आकड्यांचा आयएमईआय क्रमांक पेटीवर, बिलावर आणि फोनात एकच असला पाहिजे. *#०६# दाबले की तो पडद्यावर येतो. तो खरा आहे का हे पाहायचे तर इंग्रजी अक्षरांत 'केवायएम', मग एक जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवा. जुना किंवा दुरुस्त केलेला फोन घेणाऱ्यांनी तर ही तपासणी केल्याशिवाय पैसे मोजूच नयेत. चोरीचा निघाला तर नसता ससेमिरा पाठीशी लागायचा. हाच क्रमांक घरच्या वहीत लिहून ठेवावा. फोन हरवला तर दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' या मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळावर तो बंद करवता येतो, आणि तेव्हा हा क्रमांक लागतो.

पक्के बिल घ्याच. 'बिल नको असेल तर पाचशे कमी करतो' म्हणणारा दुकानदार आपल्याला पाचशे देत नाही. आपला हक्क पाचशेला विकत घेतो. फोनात दोष निघाला आणि दुकान व कंपनी एकमेकांकडे बोट दाखवू लागले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तेथे फी नाही. फोनावरून कोणी पैसे लुबाडले तर मात्र वाट न पाहता १९३० लावावा. तेथे उशिराची किंमत रुपयांत मोजतात.

नाशिकच्या भगिनींना मी जे उत्तर पाठवले, त्याचा गोषवारा असा. अठराच्या अठरा हजार फोनावर घालू नका. सोळा हजारांपर्यंतचा फोन पाहा. सुरक्षेचे अपडेट आजपासून निदान चार वर्षे उरलेले, आठ किंवा सहा जीबी रॅम, १२८ जीबी यूएफएस, आपल्या गावात सेवाकेंद्र, आणि तुमचे बोट ओळखणारे कुलूप, या पाच गोष्टी जुळल्या की कॅमेऱ्याची चर्चा ऐकून घ्या आणि हसून सोडून द्या. डब्यात चार्जर नसेल तर त्याला आठशे, कव्हर आणि काचेला चारशे. उरले आठशे. ते पोस्टात टाका आणि दरमहा त्यांत पन्नास घाला. दोन वर्षांत ते दोन हजार होतील, आणि बॅटरी बदलायची वेळ येईल तेव्हा भिशीचा नंबर लागण्याची वाट पाहावी लागणार नाही.

दुकानातला मुलगा आपल्या परीने चांगलाच असतो. त्याला आज संध्याकाळपर्यंत किती फोन विकले ते सांगायचे असते. आपल्याला पाच दिवाळ्यांचा जाब द्यायचा असतो, तोही घरच्यांना. तेव्हा घाई त्याची असू द्या, आपली नको. सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची आणि बेताच्या खर्चाची जावो.